मोठ्या मागाची डावी जागा

दिवा जरा मोठा करा आणि मध्ये हसू नका. मी थापा मारत नाही, आणि मारल्याच तर याहून बऱ्या मारीन.

विणकामाच्या कारखान्यातला माझा पहिला दिवस. नवरा जाऊन वर्ष होत आलेलं, घरात दोन पोरी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. कुणापुढे हात पसरायचा नाही हा माझा ताठा. पण ताठ्यानं चूल पेटत नाही. माग मला कुणी शिकवला नव्हता. शेजारणीच्या खिडकीशी उभी राहून, बघून बघून शिकले होते. मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज नुसतं झाडायचं आणि बघायचं. संध्याकाळपर्यंत पटलीस तर ठेवीन, नाहीतर घरचा रस्ता धर."

"झाडायला माझं घर आहे की. इथं विणायला आलेय."

"जीभ चालते बाईची! हात चालतात का बघू."

दुपारी जेवणाची घंटा झाली. माग एकेक करून गप्प झाले आणि बाया डबे घेऊन अंगणात गेल्या. आत उरला खळीचा आंबूस वास आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे सुताचे बारीक तंतू. कोपऱ्यात चादरींचा मोठा माग होता. इतका रुंद, की एका बाईचे हात पुरत नाहीत. बाकावर दोघी शेजारी बसतात. उजवीकडची आडव्या धाग्याचा धोटा फेकते, डावीकडची झेलून परत फेकते. त्यावर अर्धी चादर तशीच होती. चार दिवसांपूर्वी त्या मागावरची थोरली वारली, आता धाकटी एकटीच उरली, एवढं सकाळी कानावर आलं होतं. सख्ख्या बहिणी नव्हेत. अकरा वर्षं जोडीनं बसल्या म्हणून पडलेली नावं.

मी उजवीकडे बसले. धोटा फेकावा, उठून पलीकडून आणावा, पुन्हा फेकावा. बाया परततील तोवर चार बोटं कापड दाखवता आलं तरी खूप झालं.

पहिला धोटा फेकला. उठायला गेले, तोच तो सरकत परत आला आणि तळहातात बसला.

बाक डावीकडे जरासा दबला होता. म्हटलं, धाकटी लवकर जेवून आली. विणताना नजर कापडावरून हलवायची नाही, नाहीतर धागा तुटतो. मी हलवली नाही.

"आलात का? बरं झालं."

उत्तर नाही. असेल घुमी. मला काय, हात चालल्याशी मतलब. आणि हात काय चालले म्हणून सांगू! फेकला की आला, फेकला की आला. असं जुळणारं माणूस संसारातसुद्धा भेटलं नव्हतं.

थोड्या वेळानं जाणवलं, धोटा दर खेपेला जास्त गार येतोय. मग जाणवलं, एवढ्या शांततेत मला श्वास ऐकू येतोय तो एकच... माझा.

मान वळवावी असं वाटलं. अगदी वळवणारच होते.

"कुणी बसवलं गं तुला तिथं?"

दारात मुकादम, मागे सगळ्या बाया, त्यांच्यात रिकामा डबा धरून धाकटी. धोटा परत आला नाही. मी डावीकडे पाहिलं. बाक मोकळा होता.

मुकादमानं हातानं कापड मोजलं. "दीड हात! एकटीनं?"

माझ्या डोळ्यांपुढे दोन्ही पोरी आल्या. "हो," म्हटलं.

तो धाकटीकडे वळला. "तुला जोडीदारीण शोधत होतो. आता दोघी लागतातच कशाला? उद्यापासून येऊ नकोस."

कुणाचं ऐकून न घेणारी मी, जन्मात एकदाच गप्प राहिले.

संध्याकाळी धाकटी गाठोडं बांधत होती. मला राहवलं नाही. "बाई, मी एकटीनं नाही केलं... थोरली बसली होती शेजारी. तिच्या जागेवर."

तिनं गाठ आवळली. "थोरलीची जागा उजवीकडची. तू बसलीस ती. डावी जागा माझी."

"मग डावीकडे..."

"त्या दिवशीही मी जेवायला गेले होते. ती एकटीच विणत होती. आम्ही परत आलो तेव्हा बसल्या जागी गेलेली... मान डावीकडे वळलेली. चौघींनी धरली तरी सरळ होईना." तिनं गाठोडं उचललं. "माझी भाकरी घेतलीस ना? आता नजर कापडावर ठेव."

ठेवली. सव्वीस वर्षं. पोरी शिकल्या, आपापल्या घरी गेल्या, सासू सुखानं गेली. मी रोज एकटी बसले, रोज धोटा परत आला. मान वळवली नाही.

मागच्या महिन्यात एक नवी बाई कामावर आली. पहिलाच दिवस, काहीतरी करून दाखवायची घाई. माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"मावशी, मलाही या मागावर शिकवा ना. घाई नाही, या बाई उठल्या की बसते."

धोटा आला. मी झेलला.

"त्या उठत नाहीत गं," म्हटलं.

"हो का..." ती आणखी पुढे वाकली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पण मावशी, त्या कापडाकडे बघतच नाहीत. तुमच्याकडे बघतायत... अगदी गालाजवळ तोंड आणून."