पिंगळीच्या शेडचा स्फोट

"साहेब, लवकर या! शेड उडाली. सटवाजी आत हाय!"

फौजदार माणिकराव देशमाने पिंगळीला पोचले, तेव्हा शेडचे पत्रे शेजारच्या ज्वारीत पडले होते. कामगार सटवाजी जागीच गेला होता. कुंपणाबाहेर अख्खं गाव जमलं होतं.

"बॉम्ब करायलाय त्यो!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

'त्यो' म्हणजे पंडित वाव्हळे. बौद्ध वस्तीत वाढलेला इंजिनिअर, शेडचा भागीदार. नामांतराच्या वादात माणसं एकमेकांकडं आधीच संशयानं बघत होती. आताच परभणीहून एसटीनं आलेला पंडित भिंतीला टेकून उभा होता.

"इथं काय बनवता?"

"टायटॅनियमचे सुटे भाग, साहेब. सलग ठोकळा कातला तर लय महाग पडतो. म्हणून आम्ही त्या धातूच्या हायड्राइडची भुकटी साच्यात दाबतो, हवा काढलेल्या भट्टीत तापवतो. कण एकमेकांना धरतात आणि भाग स्वस्तात तयार होतो."

"मग ही भुकटीच उडाली?"

पंडितनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. भुकटीचे डबे जसेच्या तसे होते. भट्टीही शाबूत होती. उडालं होतं ते वरचं छप्पर.

"तापल्यावर भुकटीतून काही निघतं?"

"हायड्रोजन. तो हायड्राइडमध्येच मुरलेला असतो. हवेपेक्षा हलका, ठिणगी पडली की पेटतो. भट्टी दिवसभर आपोआप चालते, पंप हा वायू नळीतून बाहेर सोडतो."

नळी पंपाशेजारी जमिनीवर पडली होती. ती फाटली नव्हती. तिला आवळणाऱ्या पट्टीचा स्क्रू कुणीतरी सोडवला होता. उभ्या राहिलेल्या भिंतीच्या झरोक्यांत ओली पोती कोंबलेली होती.

"आत आल्यावर आधी काय करता?"

"वरचा पंखा लावतो. रोज मीच लावतो. आज एसटी चुकली, म्हणून सटवाजीनं लावला असेल."

"ह्याच्या हलगर्जीनं माणूस गेला, साहेब," दुसरा भागीदार बन्सीधर पुढं आला. जागा त्याची होती.

"तुम्ही आज आत गेला होता?"

"दुपारी भट्टी बघून आलो. समदं बरोबर होतं."

आवार झाडणारी केशरबाई कुंपणाशी रडत होती. माणिकरावांनी तिला बाजूला घेतलं.

"बन्सीधरमालक दुपारी आले, तवा तू होतीस?"

"व्हते की. रोज बिडी वढतच आत जात्यात. पंडितदादा लय वरडायचे, पर ऐकत नव्हते. आज फाटकाशीच इझवली. मला म्हणले, आवारातली चूल पेटवू नको, घरी जा."

बाहेरून एक दगड आला आणि पंडितच्या पायाशी पडला. माणिकराव तडक फाटकाशी गेले.

"ऐका! बॉम्ब नव्हता. असता तर जमिनीला खड्डा पडला असता. वायू छताखाली साठला होता. कुणीतरी नळी काढली, झरोके बुजवले. जुन्या पंख्याची ठिणगी पडली आणि छप्पर गेलं."

ते वळले.

"बन्सीधर, रोज न ऐकणारे तुम्ही, आजच बिडी का विझवली? वायू साठणार हे तुम्हाला ठाऊक होतं. पंडितही जाणत होता, पण जिथं रोज स्वतः पंखा लावतो, त्या खोलीत तो वायू कशाला भरेल? पंखा लावताना पंडित मरावा, गावानं बॉम्ब म्हणावं, आणि धंदा तुमच्या एकट्याचा व्हावा, हा तुमचा बेत. पण आत सटवाजी गेला."

बन्सीधर एक पाऊल मागं सरला. "सटवाजीला मारायचं नव्हतं," तो पुटपुटला. बेड्या पडल्या.

गर्दी मात्र हलली नाही.

"दोन शिपाई इथं ठेवतो," माणिकराव पंडितला म्हणाले.

"ते गेल्यावर, साहेब?"

माणिकरावांनी गर्दीकडं पाहिलं. काही माणसं अजूनही पंडितकडंच बघत होती.