बेचाळिसावा श्रोता

न्यायस्मृती प्रयोगशाळेच्या पडद्यावर एकेचाळीस श्रोत्यांच्या आठवणींच्या एकेचाळीस रेषा उमटल्या. एकूण एक तांबड्या.

"म्हणजे एकही साक्ष चालणार नाही?" कीर्तनकार वेणूताईंचा आवाज चिरकला. उद्या निकाल. त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर पुजाऱ्याच्या खुनात अडकला होता. खून झाला त्या दुपारी तो कीर्तनात त्यांच्याच मागे बसून पेटी वाजवत होता. मंदिर भरलेलं, आणि तरी समोर फाशी!

"ताई, चित्रफिती हल्ली कुणीही घरबसल्या बनवतं," डॉ. खरोटे म्हणाल्या. "म्हणून कोर्ट फक्त अस्पृष्ट, हात न लागलेली स्मृती मानतं. आठवण काढली की ती मऊ होते, परत ठेवताना मेंदू ती नव्याने लिहितो. आमचा स्मृतिवाचक तेवढं बरोबर ओळखतो. एकदा जरी काढलेली असली, तरी पुरावा बाद."

"पण ह्यांनी कशाला काढली?"

"तुम्हीच काढायला लावलीत. वर्षभर प्रत्येक आख्यानात भावाचं निरपराधपण गात होतात ना?"

देवापुढे खरं सांगावं, लोक धावून येतील, एवढंच वेणूताईंना ठाऊक. "विठ्ठला, माझ्याच तोंडानं रे!"

आणि एकदम त्यांनी मान वर केली. "भिकोबा! ठार बहिरे. पुढ्यात बसून नुसते डोलायचे. त्या दुपारीही होते; त्याच संध्याकाळी लेकीकडे मिरजेला गेले ते गेलेच. त्यांना यातलं काही माहीतच नाही!"

"मग त्यांना कुणी काही विचारायचं नाही, खुणेनंसुद्धा नाही. आम्ही आणतो. तुम्ही दिसू नका."

सकाळी भिकोबा आले. दारातल्या चाचणीने त्या दुपारच्या तारीखवेळेवरून रेषा काढली. हिरवी! डॉ. खरोट्यांनी देवाला हात जोडले. आतल्या खोलीत वाचन झालं की दिगंबर सुटला.

वेणूताई समोर गेल्या नाहीत. लांब खांबाआड, तोंडावर पदर ओढून उभ्या राहिल्या. मनातल्या मनात म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवावं, एवढीच इच्छा. पण भिकोबांनी ती उभं राहण्याची ढब ओळखली. कीर्तनकाराच्या पाया पडल्यावाचून हा माणूस कधी घरी गेला नव्हता. काठी टेकत तो वळला. वेणूताई पाठ फिरवून झटकन निघाल्या, तर हा पुढून आडवा आला, वाकला, त्यांच्या पावलांना हात लावून तोच कपाळी नेला.

मग उठून त्याने त्यांच्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. डाव्या हाताने हवेत भाता ओढला, उजव्या हाताची बोटं नाचवली आणि भुवया उंचावल्या. पोरगा कुठाय?

काचेपलीकडे पडद्यावरची हिरवी रेषा डॉ. खरोट्यांच्या डोळ्यांदेखत तांबडी झाली. भिकोबा हसत होते. किती गोड वाजवतो, असं सांगत त्यांची बोटं अजून हवेत चालूच होती.