साहेब, उतरा

कुत्र्याला विमानातून मुंबईला न्यायचं, एवढंच काम होतं. अमृतरावांकडे पायलट म्हणून लागल्यापासून मी आंब्याच्या पेट्या नेल्या, नवरदेव नेला, एकदा तर बँजो पार्टी नेली. कुत्र्याचं काय घेऊन बसलात!

अमृतराव रस्त्यांचे ठेकेदार. खर्ड्याजवळच्या माळावरची धावपट्टी त्यांनी स्वतःच्याच डांबरानं करून घेतलेली. चार सीटचं विमान, आणि ते चालवायला मी, दानीएल. ते मला 'पायलट' म्हणायचे, मी त्यांना 'साहेब'. रोज सकाळी गुंड्याला घेऊन ते धावपट्टीवर फिरायचे. गुंड्या म्हणजे त्यांचा कारवानी कुत्रा, हाडकुळा आणि महा आगाऊ. असंच फिरताना साहेब एके दिवशी कोसळले. मुंबईला हलवलं, पण डोळे उघडेनात. शेवटी डॉक्टरच म्हणाले, एवढा जीव लावलेलं कुत्रं आहे तर आणून बघा, ओळखीच्या स्पर्शानं कधीकधी माणूस जागा होतो. म्हणून त्यांची लेक निकिता गुंड्याला न्यायला आली होती. रडून रडून पोरीचा चेहरा सुजला होता.

आम्ही निघणार, तोच साहेबांची म्हातारी आत्या बनुबाई धावपट्टीच्या कडेला आली. साहेब पडले होते नेमक्या त्याच जागी वाकून तिनं जमिनीला हात लावला.

"अमृत, ऊठ. चल बाबा, इमानात बस."

मला हसू फुटलं. तिनं ते पाहिलं.

"हसू नगं. त्यो हितं पडला तवा त्याला ऊठ म्हनायचं कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. नुसतं आंग उचलून न्हेलं. आमच्यात पडल्या जाग्यावरनं मानसाला हाक मारून न्हेत्यात. आता तिकडं पोचलास की तूच त्याला हाक मारून उतरव. नावानं मार बरं का. लेकीनं बापाचं नाव कसं घ्यावं? तू घे."

"बरं आज्जी," मी म्हणालो. आमच्या घरी आई प्रार्थना करते, हिच्या घरी हाका मारतात, म्हटलं, चालायचंच.

निकिता पुढं माझ्या शेजारी बसली. गुंड्याला मागं पट्ट्यानं अडकवलं, त्याच्या बाजूची सीट रिकामी. विमान धावायला लागलं आणि मी चमकलो. ते उलाळ झालं होतं. बैलगाडीत मागं जास्त माणसं बसली की गाडी मागं कलते, पुढचं जू उचललं जातं, तसं. मागं तर हाडकुळं कुत्रं! हवेत गेल्यावरसुद्धा नाक खाली धरता धरता हात भरून आला.

घोड नदी मागं पडली तेव्हा वास आला. गरम डांबराचा. एवढ्या उंचीवर, बंद काचांच्या आत.

"काका, अण्णा साइटवरून आले की... असाच वास यायचा," निकिता हळूच म्हणाली.

मी मागं वळून पाहिलं. गुंड्यानं डोळे मिटले होते. मान रिकाम्या सीटकडे टाकली होती, पण ती सीटवर टेकलेली नव्हती. वीतभर वर, अधांतरी होती. कुणाच्या मांडीवर ठेवावी तशी.

मी पुन्हा वळलो नाही. निकितालाही वळू दिलं नाही.

जुहूला उतरलो. दार उघडलं, भोवती विमानतळाची माणसं. बनुबाईचं बोलणं माझ्या चांगलं लक्षात होतं. मी रिकाम्या सीटसमोर उभा राहिलो, 'अमृत' म्हणायला तोंडही उघडलं. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याला एकेरी हाक मारायला जीभ वळेना.

"साहेब, चला... उतरा," मी म्हणालो.

गुंड्या जागचा हलेना. ओढून काढावा लागला. तेवढ्यात निकिताचा फोन वाजला आणि ती किंचाळलीच, "काका! अण्णांनी डोळे उघडले!" खरं सांगतो, मी तिथंच रडलो.

दवाखान्यात साहेब उशीला टेकून बसले होते. निकितानं गळ्यात हात टाकले. गुंड्या मात्र दारातच अडला. अंगावरचे केस उभे, शेपूट पायांत. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हे कुत्रं कुणाचं?"

अशा आजारात विसर पडतो, येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही मानलं. आपलं माणूस परत मिळाल्यावर कोण शंका काढत बसतं?

त्यांना घरी न्यायचा दिवस आला. विमानाशी आल्यावर मी अदबीनं मागचं दार उघडलं. साहेबांनी आत पाहिलं आणि पाय मागं घेतला.

"मी पुढं बसतो, दानीएल... मागं ते बसलेत."

त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. 'ते' कोण, हे विचारायची माझी छाती झाली नाही. निकिता मागं बसली, तिनं गुंड्याला मांडीवर घेतलं आणि शेजारच्या सीटपासून अंग चोरून घेतलं.

घरी बनुबाईनं भाकरतुकडा ओवाळला, साहेबांना आत जाऊ दिलं आणि मला बाजूला घेतलं.

"नावानंच हाक मारली व्हती ना रं?"

"साहेब म्हणालो, आज्जी."

तिनं घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आरं, साहेब म्हनल्यावं... कुनीबी वळून बघतं."

मी तसाच धावपट्टीवर गेलो. गुंड्या अजून विमानातून उतरला नव्हता. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. या खेपेला मी जीभ वळवली.

"अमृत... चल, उतर. घर आलं."

गुंड्यानं टुणकन उडी मारली. विमान मागच्या बाजूनं जरासं वर उचललं गेलं, मागचं ओझं उतरल्यासारखं. मग शेपूट हलवत, मान वर करून, कुणाच्या तरी पायाशी चालावं तसा तो घराकडे निघाला. मी त्याच्यामागून चाललो. डांबराचा वास माझ्या पुढं चालला होता.

ओसरीवर गुंड्या थांबला. निकितानं दार अर्धं उघडलं. आतून भांड्यांचा आवाज आला, जेवता जेवता साहेब ओरडले, "बाहेर कोण आहे? दार लाव, कुणाला आत घेऊ नकोस."

निकितानं आत पाहिलं. मग गुंड्याकडे, त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे. तिच्या नाकपुड्या थरथरल्या. वास तिलाही आला होता.

"काका," ती कुजबुजली, "मी कुणाचं ऐकू?"

आणि गुंड्याच्या शेजारून, पायरीवर, चप्पल काढल्याचा आवाज आला.