अडतिसावा उंदीर

रात्रीचं जेवण उरकलं की गार्डसाहेब उंदराचा पिंजरा घेऊन फिरायला निघायचे. हसू नका रे. माणूस रिटायर झाला की त्याला काहीतरी काम लागतंच, आणि गार्डसाहेबांना बायकोने हे लावून दिलं होतं. जन्म गेला मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. निवृत्तीनंतर गावाबाहेर चार खोल्यांचं घर घेतलं, मागे थोडी बाग, म्हणाले आता सुखाने राहायचं. पण त्या घरात त्यांच्या आधीच उंदीर राहायला आले होते. माळ्यावरची पोती, गाद्या, जुने कागद, काही म्हणून सोडलं नाही. निरोपसमारंभात घातलेला कोट कुरतडला, तोही नेमका खिशापाशी.

विष घालायला बायको तयार नव्हती. "कुठेतरी कोपऱ्यात मरून पडेल, आणि वास सुटला की मलाच माळ्यावर चढवाल," म्हणायची. म्हणून पिंजरा. जिवंत पकडायचा आणि लांब नेऊन सोडायचा. आता लांब म्हणजे कुठे, हाच खरा प्रश्न. आपल्या गावात सगळे तेच करतात. जो तो आपला उंदीर दुसऱ्याच्या हद्दीत सोडतो. दिवसा सोडायला गेलात तर समोरचा काठी घेऊनच बाहेर येतो. त्यामुळे हे काम रात्रीचं आणि गुपचूप.

गार्डसाहेबांनी जागा मात्र नामी शोधली होती. ओढ्यावरचा पूल ओलांडला की मास्तरीणबाईंचं घर. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी मुलाकडे शहरात राहायला गेल्या. पुढच्या दाराला कुलूप, आजूबाजूला नुसती शेतं. उघड्यावर सोडलेला उंदीर माग काढत परत येतो, असं साहेबांचं ठाम मत. म्हणून त्यांनी पहिल्याच रात्री पकडीने एक जाळी वाकवली. स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी बाहेर जायला भिंतीत भोक असतं ना, त्यावरची लोखंडी जाळी. पिंजऱ्याचं तोंड त्या भोकाला लावायचं, झडप उचलायची, उंदीर आत गेला की भोकावर वीट ठेवायची. काम फत्ते. "बंद घर आहे. कुणाचं काय बिघडतंय?" असं मला स्वतः म्हणाले होते.

गाडी सुटायच्या आधी डबे मोजायची सवय, ती काही सुटली नव्हती. घरी येऊन चप्पल काढता काढता बायकोला आकडा सांगायचे. "आजचा नववा." "आज दोन, एकूण अकरा." ती म्हणायची, "बढती मागा आता."

एक गोष्ट त्यांनी मला फार नंतर सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्याच रात्री त्यांना आतून आवाज आला होता. टक… टक… टक. भांड्यावर काही आपटावं तसा. साहेबांना वाटलं, उंदराला भांडी सापडली. उलट बरंच वाटलं त्यांना, आता हा रमेल म्हणून. तिसऱ्या रात्री आवाज आला, चौथ्या रात्रीही आला. मग थांबला. पुढे काही दिवसांनी तिथे घाण वास यायला लागला. मेले असतील चार उंदीर, म्हणून ते नाकाला रुमाल लावून जायला लागले.

असे सात आठवडे गेले. आता ती रात्र सांगतो. जानेवारीची एकोणीस तारीख, सोमवार. साडेनऊ वाजून गेले होते. थंडी मी म्हणत होती. पिंजऱ्यात एकच उंदीर होता, मोठा. अडतिसावा. साहेब पूल ओलांडून घराच्या मागे गेले, उकिडवे बसले, बॅटरी तोंडात धरली. वीट बाजूला केली. झडप उचलली. उंदीर सरकला आत.

आणि आतून बाई म्हणाल्या, "आज एकच?"

साहेबांच्या तोंडातली बॅटरी पडली.

आवाज ओळखीचा. वर्गात हजेरी घेणाऱ्या बाईचा असतो ना, तसा. चढा नाही, रागीटही नाही. साहेबांना भीती नाही वाटली बरं का. त्यांना लाज वाटली. बाई परत आल्या आणि आपण रंगेहाथ सापडलो! वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दुसऱ्याच्या मोरीशी उकिडवे, हातात पिंजरा…

"बाई… चुकलं," साहेब कसेबसे म्हणाले. "घर बंद आहे असं वाटलं. तुम्ही आलात कधी?"



मग भोकाच्या अगदी जवळून, जमिनीच्या उंचीवरून… "तुम्ही पहिला सोडलात ना, त्याच दिवशी."

एवढंच. घरात दिवा नव्हता. पावलं नाहीत. आत गेलेल्या उंदराचाही आवाज नाही.

साहेबांनी वीट न लावताच घर गाठलं. बायकोला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "सकाळी जाऊन माफी मागा. आणि त्यांची जाळी नीट करून द्या."

सकाळी आठला साहेब नवी जाळी आणि पकड घेऊन गेले. मी शेजारच्या शेतात पंपाची मोटार दुरुस्त करत होतो. साहेब मागचं दार वाजवताना दिसत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, "आतून कडी आहे, आणि बाई ओ देत नाहीत." आम्ही दोघांनी दाराला खांदा लावला.

बाई मोरीजवळ पडल्या होत्या. काय राहिलं होतं ते सांगत नाही. तुम्हाला झोपायचंय.

पोलीस आले, डॉक्टर आले. पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, उठता आलं नाही, असं निघालं. मुलाला सांगून निघाल्या होत्या, बहिणीकडे चालले, सारखे फोन करू नकोस. आणि आल्या इथे, मागच्या दाराने, म्हणून पुढचं कुलूप तसंच. बहिणीला वाटत होतं त्या मुलाकडेच आहेत. फोन वरच्या फळीवर, बॅटरी संपलेला. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर चार-पाच दिवस जिवंत असाव्यात. जाऊन सहा आठवडे सहज झाले.

साहेब म्हणाले, "सहा आठवडे कसे होतील?" काल रात्रीचं बोलणं साहेबांनी तिथे कुणालाच सांगितलं नाही.

बाईंच्या मुठीत केसांची पिन होती. आणि मोरीच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चुन्यात रेघा ओढलेल्या. पोलीस म्हणाला, दिवस मोजत असतील बिचाऱ्या. पण दिवस इतके होत नव्हते. सगळे बाहेर गेल्यावर साहेब खाली बसले आणि बोट ठेवून मोजायला लागले. मी दारात उभा होतो. पहिल्या तीन-चार रेघा सरळ होत्या. पुढच्या दोन वाकड्या, थरथरत गेलेल्या. आणि त्याच्या पुढे… पुन्हा सरळ. शेवटपर्यंत एकसारख्या, पट्टीने आखाव्यात तशा.

अडतीस.



मुलगा दुपारी आला. भला माणूस. रडून रडून डोळे सुजलेले. अंत्यसंस्कार झाल्यावर घर नीट करून विकायचं ठरवलं, तेव्हा आठवडाभर राहिला तो गार्डसाहेबांकडेच. सारखा म्हणायचा, "काका, तुमच्यामुळे आई सापडली, नाहीतर अजून किती दिवस…" एका रात्री जेवताना त्याने विचारलं, "घर इतकं बंद होतं. जाळ्या मी स्वतः बसवल्या होत्या. मग एवढे उंदीर आत आले कुठून? ती एक जाळी कुणी वाकवली असेल?"

बायकोने साहेबांकडे बघितलं. बघतच राहिली. तिला सगळं माहीत होतं ना… आकडेसुद्धा.

सांगायची वेळ तीच होती, पोरांनो. एवढा एक शब्द बोलले असते तर मुलगा भांडला असता, कदाचित अंगावर धावून आला असता. पण संपलं असतं.

साहेब म्हणाले, "काय माहीत बाबा."

त्याच संध्याकाळी त्या घराला आतून चुना मारून झाला होता. रेघांवर दोन हात बसले, भिंत कोरी करकरीत. कुलपाची एकुलती किल्ली मुलाने विश्वासाने साहेबांकडे दिली होती आणि ती त्यांच्या उशीखाली होती. रात्री दोनला माळ्यावर पिंजऱ्याची झडप पडल्याचा आवाज झाला. साहेब एकटेच उठले. आता लांब न्यायची सोय नव्हती आणि धीरही नव्हता. त्यांनी आपल्याच मोरीत बादली भरली आणि पिंजरा पाण्यात बुडवून धरला. हालचाल थांबेपर्यंत. मग बागेत खड्डा करून उंदीर पुरला, हात धुतले, झोपले. बायकोला जाग नाही, पाहुण्याला जाग नाही.

सकाळी ते आणि मुलगा चुन्याचं काम बघायला गेले. कुलूप साहेबांनीच उघडलं. मागचं दार दुरुस्त करून आतून कडी घातलेलं, खिडक्या बंद. फरशीवर पाऊल नाही. मुलगा स्वयंपाकघरात पुढे गेला आणि मोरीपाशी थांबला. खाली वाकला.

"काका… ही रेघ कसली?"

वीतभर उंचीवर. एकच. सरळ. भिंत अजून ओली होती, आणि रेघेतून निघालेला चुना खाली तसाच पडला होता.