कोटाची उलटी बटणं

"सरोवरावर जायचं की नाही? नंतर ट्रॅममध्ये पाय ठेवायला जागा नसते," दहा वर्षांचा बोरेक टॉवेल खांद्यावर टाकून दारात चुळबुळत होता.

तेवढ्यात ल्यूदामावशी आत आली, तीही सकाळी कामाच्या वेळी. शिकागोतल्या एका कपड्यांच्या कंपनीच्या कॅटलॉगात सूटबूट घातलेल्या पुरुषांची चित्रं ती नऊ वर्षं काढत होती. तिने नवा कॅटलॉग टेबलावर आपटला.

"काढून टाकलं मला. पुरुषाच्या कोटाला बायकांसारखी डाव्या बाजूला बटणं काढली म्हणे. मी नव्हती काढली तशी."

"मग मूळ चित्र दाखव ना साहेबांना," बोरेकची थोरली बहीण झ्देंका म्हणाली.

"चित्रावरून छपाईचे ब्लॉक बनवणारे म्हणतात, हरवलं. आणि आमच्या हॅलोरनसाहेबांचा विश्वास त्यांच्यावर. सोमवारी नवा चित्रकार येतोय."

मावशी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. झ्देंका ते पान निरखत राहिली.

"बोरेक, बाबांच्या कोटाचा वरचा खिसा कुठल्या बाजूला असतो?"

"डाव्या. का?"

"या माणसाचा उजव्या बाजूला आहे. मावशी एकवेळ बटणं चुकेल, पण खिसासुद्धा?"

तिने पान आरशासमोर धरलं. आरशात खिसा डावीकडे गेला, बटणंही जागेवर आली.

"अख्खं चित्रच उलटं छापलंय," म्हणत बोरेकने टॉवेल भिरकावला. "चल, मूळ चित्र शोधू."

ब्लॉकच्या कारखान्यात मुकादम स्टब्स पाय पसरून पाव खात बसला होता. खरं सांगितलं तर हा आत सोडणार नाही, हे झ्देंकाने ओळखलं.

"काका, चर्चसाठी रद्दी गोळा करतोय."

"मागच्या खोलीत ढीग पडलाय. न्या उचलून, माझी कटकट जाईल."

दोघं ढिगात घुसली. हात शाईने काळे झाले. हॅलोरनसाहेबांची कचेरी शनिवारी एकला बंद होई आणि घड्याळात साडेबारा वाजून गेले होते.

"नाहीये इथे," बोरेक रडकुंडीला आला.

"तळाशी बघ."

तळाशीच होतं. माणसाच्या टोपीवर कॉफीच्या कपाचा गोल डाग, पण खिसा डावीकडे.

"आता ही रद्दी खरंच चर्चला पोचवावी लागणार," बोरेक धापा टाकत म्हणाला.

"उद्या. आधी पळ."

हॅलोरनसाहेब कुलूप लावत होते. झ्देंकाने मूळ चित्र त्यांच्या हातात दिलं आणि छापील पान दाराच्या काचेसमोर धरलं. काचेतलं प्रतिबिंब आणि मूळ चित्र रेघ न् रेघ सारखं होतं.

साहेबांनी दोन्ही पुन्हा ताडून पाहिलं. "ब्लॉक करताना चित्राच्या फोटोची निगेटिव्ह उलटी लावली लेकाच्यांनी. आणि मी हे पान वीसदा पाहिलं, पण बटणांपलीकडे नजर गेली नाही. पोरांनो, तुमच्यामुळे माझ्या हातून मोठा अन्याय होता होता राहिला."

संध्याकाळी ते स्वतः घरी आले, टोपी हातात धरून. मावशीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"येते मी सोमवारी. पण यापुढे प्रत्येक चित्राखाली माझी सही छापायची. ती उलटी आली, तर तुम्हालासुद्धा कळेल."