तिसरी पिन

लाइट येईपर्यंत सांगते, नुसरत. मेणबत्ती जरा इकडे सरकव. सकाळी तू विचारलंस ना, माझ्या चार्जरची वरची जाड पिन कुणी कापली म्हणून? मीच कापली. पकडीनं. का कापली ते ऐकल्यावर तू तुझीही कापशील, नाहीतर मला दुसरी खोली बघायला सांगशील. काहीही केलंस तरी मी रागावणार नाही.

सुरुवात अगदी साधी होती. चैत्रात एका सकाळी मी मांडीवर लॅपटॉप घेऊन पवनानगरहून जीपनं लोणावळ्याला आले. लॅपटॉप सेकंडहँड, आणि तो वाटेल तेव्हा बंद पडायचा. कधी चालू केल्या केल्या, कधी तास-दीड तास नीट चालून. चित्र गोठायचं, पंख्याची घरघर थांबायची आणि स्क्रीन काळी. पुण्याच्या एका कंपनीनं मला मुलांना ऑनलाइन गणित शिकवायला घेतलं होतं, पण कच्चं. काही आठवडे माझे तास बघणार आणि शेवटच्या तासाला त्यांच्या मॅडम स्वतः बसणार. तास मध्येच तुटत राहिला तर नोकरी गेली.

नोकरी पक्की झाली असती तर इथे लोणावळ्याच्या तुंगार्लीत खोली, माझा पगार, माझं दार. नाहीतर आबांचे तंबू. कोंडाजी आबा म्हणजे माझे थोरले चुलते. बाबा गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. पवनेच्या काठावर त्यांनी पर्यटकांसाठी तंबू टाकलेत. "बीएस्सी झालीस ते बरं झालं. बुकिंगचा फोन घ्यायला शिकलेलं मानूस लागतं," असं म्हणायचे. फोन घ्यायचा आणि मग त्याच लोकांसाठी भाकऱ्याही थापायच्या, हे सांगायचे नाहीत.

बाजारातल्या वाहिदभाईंनी लॅपटॉप ठेवून घेतला. रॅम बदलून पाहिली, पंखा साफ केला, विंडोज नव्यानं टाकलं, फुगलेली बॅटरी काढून टाकली. म्हणजे आता तो फक्त प्लगवर चालणार. त्यांच्या दुकानात तो दिवसच्या दिवस चालला. एकदाही बंद पडला नाही.

"बेटा, मशीन चांगली आहे," ते म्हणाले. "जे काय आहे ते तुझ्या घरात आहे."

मी हसले तेव्हा. खरंच हसले.

"हात ठेवलास की मुंग्या येतात का?"

"येतात."

"मग अर्थिंग नाही घराला. या तिसऱ्या पिनची वायर जमिनीत जायला पाहिजे. तुमच्या वायरमनला सांग. खड्डा घे, मीठ-कोळसा भर, पाइप ठोक."

इतकं सोपं. मी दुसऱ्याच दिवशी माऊली वायरमनला बोलावलं. आई तेव्हा मावशीकडे जत्रेला गेली होती. चैत्रात आमच्याकडची जमीन कशी असते ते तुला माहीत आहे, पहार मारली की ठिणगी उडते. माऊली परसात फिरला, मोरीमागं खणून बघितलं, तिथं कातळ लागला.

"ओल लागती ताई अर्थिंगला. कोरड्यात ठोकून फायदा न्हाई."

मग त्याला ती जागा दिसली. मागच्या भिंतीला लागून, कढीपत्त्याच्या झाडाखाली. एक चपटा दगड, त्यावर बोरीची वाळकी फांदी. आई रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी ओतायची. मला वाटायचं झाडाला घालते, आणि काटे कोंबड्यांनी उकरू नये म्हणून ठेवलेत. सगळं परस भेगाळलेलं, तेवढीच जागा काळी आणि ओली.

आबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. माऊलीनं दगडाला हात घातला तसे ते उठले.

"तितं नगं खणू."

"का?" मी विचारलं.

"नगं म्हन्लं ना."

"आबा, कारण सांगा. कारण असेल तर दुसरीकडे खणू."

ते माझ्याकडे बघेनात. "तुज्या आईला येऊ दे. तिला इचार."

"तिला काय विचारायचं? तिला प्लगमधलं काय कळतं?"

आमच्या घरात हे असंच. नको म्हणायचं आणि गप्प बसायचं. कारण विचारलं की आपण उद्धट. मी माऊलीला म्हटलं, खण. आबा जागेवरून हलले नाहीत. हातावर मळलेली तंबाखू मात्र त्यांनी झटकून टाकली.

कंबरेएवढ्या खोलीवर माऊली थांबला. मातीत पांढरा थर लागला होता. त्यानं चिमूट उचलून जिभेला लावली.

"मीठ हाय, ताई. हितं आदी कुनी अर्थिंग केलतं काय?"

"आमच्याकडे कोण करणार?"

"केलंय कुनीतरी. पर वर रोज पानी पडून बी हे कोरडं कसं ऱ्हायलं..." मग त्यानं पाइप उभा केला आणि ठोकला. पहिल्या घावाला खण्ण असा आवाज आला. नंतरचे मऊ गेले. आमचं मीठ आणि कोळसा त्यानं वरून भरला. जाताना म्हणाला, "पानी घालत जावा, नायतर अर्थिंग मरतंय."

लॅपटॉपवर हात ठेवला. मुंग्या नाहीत. त्या दिवशी तो बंदही पडला नाही. मी आबांसमोर मुद्दाम दोन तास गाणी लावून ठेवली.

आई परतली. परसात गेली, पाइप बघितला आणि कितीतरी वेळ आत आलीच नाही. मला वाटलं रागावली असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांब्या घेऊन गेली आणि पाइपाच्या तोंडात पाणी ओतलं.

मग एका संध्याकाळच्या तासाला सहावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, तुमच्याकडे बाळ आहे?"

"नाही गं. का?"

"रडतंय."

मी हेडफोन लावलेले. मला काही ऐकू येत नव्हतं. पण दुसरी मुलंही म्हणाली, हो ताई, कधीचं रडतंय. त्यांचे चेहरे चौकोनांमध्ये कान देऊन बसलेले. एक मुलगा म्हणाला, "ताई, त्याला घ्या ना..." आणि पंखा थांबला. स्क्रीन काळी.

पुढच्या तासाला तेच. त्याच्या पुढच्याही. आता तो वाटेल तेव्हा बंद पडत नव्हता. आधी मुलं गप्प व्हायची, मग कुणीतरी बाळाचं नाव काढायचं, मग अंधार. कंपनीकडून मेल आली की घरातला गोंगाट आणि तुटणारे तास खपवून घेतले जाणार नाहीत.

शिकलेली मुलगी मी. शोधायचं ठरवलं. प्लगची तिसरी वायर सोडवून बघितली, तर मुलांना रडणं ऐकू येईना. पण मुंग्या परत, आणि पहिल्यासारखं मध्येच मरणंही परत. वायर जोडली की मुंग्या नाहीत, रडणं आहे. म्हणजे जे येत होतं ते तिसऱ्या पिनेतून येत होतं. हे कळल्यावरही मी स्वतःला सांगितलं, कुठल्यातरी रेडिओचे सिग्नल असतील.

दुपारी तासाचं रेकॉर्डिंग लावलं, हेडफोन काढून, आवाज मोठा करून. माझा आवाज, अपूर्णांकांची बेरीज. आणि त्याच्या मागे, खूप खाली, विहिरीतून यावं तसं... बारीक, सुकलेल्या गळ्याचं रडणं. श्वास घ्यायला थांबायचं, परत सुरू व्हायचं. खोलीत वास आला. नासलेल्या दुधाचा, ओल्या मातीचा.

स्वयंपाकघरात परात पडली. आई पिठाच्या हातानं दारात उभी राहिली.

"बंद करते म्हनू नगंस," ती म्हणाली. मी काहीच म्हटलं नव्हतं. "ऱ्हाऊ दे. ऐकू दे मला..."

ती लॅपटॉपसमोर बसली. तिच्या पोलक्यावर पुढे ओला डाग पसरत होता. माझी आई, नुसरत. बावन्न वर्षांची.

मग तिनं सांगितलं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. पावसाळ्यात तापानं गेली, पाळण्यातच. "दात आलं नव्हतं तिला. दात न आलेलं लेकरू जाळत न्हाईत. मीठ घालून पुरत्यात. तुज्या आबांनीच खड्डा घेतला. मी म्हन्लं, लांब नगा नेऊ तिला. म्हनून भिंतीपाशी." सगळ्यांनी तेव्हा शपथ घेतली, पुढच्या मुलांना सांगायचं नाही. आबांनी ती पाळली. मी कारण मागत होते तेव्हाही पाळली.

"मी आजच पाइप काढायला लावते," मी म्हटलं.

"कुनी हात लावायचा न्हाई." आईनं मला असं कधी दटावलं नव्हतं. "येवड्या वर्सांनी तिचा आवाज आला. तू तिचं दार उगडलंस, आन् आता लावती व्हय?"

शेवटचा तास दोन दिवसांवर होता. मी आबांकडे गेले. त्यांनी तोंड फिरवलं. "तवाच सांगितलं व्हतं." मी म्हटलं, तेव्हा काही सांगितलंच नव्हतं, तुम्ही फक्त नको म्हणालात. ते ऐकून घेतलं त्यांनी. पण परसात यायला तयार झाले नाहीत.

मॅडम स्क्रीनवर आल्या तेव्हा संध्याकाळ व्हायची होती, पण वळवाचं आभाळ आल्यामुळे खोलीत अंधारलं होतं. वायर जोडलेलीच होती, आईनं सोडवू दिली नव्हती. ती माझ्या मागे भिंतीला टेकून, मांडी घालून बसली. मी शिकवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं मुलांचे चेहरे तसेच झाले, कान दिलेले. मी बेरीज अर्ध्यात सोडली. आता पंखा थांबणार... मागून आईचा आवाज आला. शब्द नव्हते त्यात. नुसतं हुं हुं, मांडी हलवत. मुलं हळूहळू वहीत बघायला लागली. लॅपटॉप चालत राहिला. पूर्ण तास चालला.

शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, "नोकरी पक्की. आणि घर छान सांभाळलंत. तुमच्या आईच्या मांडीवर बाळ किती शांत झोपलंय."

मी मागे वळले. आईची मांडी रिकामी होती. हात मात्र तसेच गोल धरलेले.

मी इथे तुझ्यासोबत राहायला आले. कंपनीनं नवा लॅपटॉप दिला, जुना आईनं ठेवून घेतला. तिकडे माझ्या जुन्या खोलीत तो कायम प्लगवर असतो. रोज संध्याकाळी ती फोन करते तेव्हा मागे ते ऐकू येतं. आधी रडायचं. मग हुंकार द्यायला लागलं. हल्ली हसतं. आबा जेवायलाही घरात येत नाहीत, तंबूतच झोपतात म्हणे.

सोमवारी तू कामावर गेल्यावर इथे माझा नवा लॅपटॉप बंद पडला. चित्र गोठलं, पंखा थांबला. तेव्हाच पिन कापली. कुठल्याही घराची तिसरी वायर शेवटी जमिनीतच जाते ना.

काल आईनं व्हिडिओ कॉल केला. चेहरा असा फुललेला, मी तिला असं कधी बघितलं नाही. तिनं तर्जनी कॅमेऱ्यासमोर धरली. पेरावर दोन बारीक लाल खुणा होत्या, शेजारी शेजारी.

"बग की," ती म्हणाली. "खालचं दोन दात आलं तिला."

मी विचारलं, दुखतंय का.

"न्हाई गं." तिनं बोट पदरात गुंडाळलं आणि मागे वळून कुणाकडे तरी हसून बघितलं. "पर आता तिला परत तितं मातीत ठेवता याचं न्हाई."