चौथ्या होल्डरची पट्टी

वडील वारल्यावर दवाखान्यातून मिळालेलं अण्णांच्या कपड्यांचं गाठोडं आम्रपालीनं एकवीस दिवसांनी सोडलं. बंडी झटकली, आणि पत्र्याची एक काळी पट्टी खणकन फरशीवर पडली.

पट्टीला वर लाकडी मूठ होती. मुठीवर पांढऱ्या रंगात आकडा होता : चार.

ती पट्टीकडे बघत राहिली. मग तिथंच खाली बसली.

तलवाड्यात कारभारी फोटोग्राफरचा, म्हणजे अण्णांचा, लाकडी कॅमेरा ठाऊक नसलेला माणूस नव्हता. तीन पायांवर उभा राहणारा, भात्यासारखा मागेपुढे होणारा. त्याच्या काचेच्या प्लेटा मिळायच्या बंद होऊन जमाना लोटला होता. अण्णांनी हार मानली नाही. आम्रपाली बीडच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. तिथं यंत्रं बदलली, तेव्हा अडगळीत पडलेले फिल्मचे जुने डबे साहेबांना विचारून तिनं अण्णांना आणून दिले. ती फिल्म अण्णा अंधारात कापायचे. सुताराकडून फिल्मच्या मापाचे, तिला उजेडापासून झाकणारे सहा चपटे लाकडी होल्डर करून घेतले होते. भिंगापुढं झापड बसवली होती. एक दोरी ओढली की उघडायची, दुसरी ओढली की मिटायची. गुडघे गेल्यापासून ते स्टुलावर बसून, काळ्या कपड्याच्या आतूनच सगळं करायचे. भात्याच्या मागून उजेड झिरपायचा, म्हणून फोटो होईपर्यंत कपड्याबाहेर डोकं काढायचे नाहीत.

आणि होल्डरचं झाकण असलेली पत्र्याची पट्टी ठेवायला बंडीला आतून एक मोठा खिसा शिवून घेतला होता.

होल्डर कॅमेऱ्यात बसला की पट्टी उपसायची आणि खिशात ठेवायची. झापड उघडायची. मोजायचं. झापड मिटायची. पट्टी परत सरकवायची. लहानपणापासून तिनं आणि धाकट्या भावानं, प्रवीणनं, हे हजार वेळा पाहिलं होतं. पट्टी खिशात असणं म्हणजे फोटो चालू असणं.

म्हणजे अण्णा फोटो काढता काढता गेले. मग समोर कोण होतं?

सगळे तर म्हणाले होते, ते एकटेच होते.

आम्रपालीला हे कळायलाच हवं होतं. त्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अण्णांचा फोन आला होता. टेबलावर पेशंट होता. तिनं फोन कट केला. जेवणाच्या सुट्टीत करू म्हणाली. त्याआधी प्रवीणचाच फोन आला. एकवीस दिवस ती रोज तोच एक कॉल उघडून बघत होती. छातीत कळ आली म्हणून केला होता का त्यांनी? मदतीला हाक मारली आणि आपण ती बोटानं बंद केली का?

समोर जो कोणी बसला होता, त्याला हे माहीत असणार.

तिनं होल्डर मोजले. एक, दोन, तीन, पाच, सहा. चौथा नव्हता. सहाव्याला पट्टी नव्हती.

फडताळात फिल्मचे दोन डबे होते. जुन्याच्या झाकणावर अण्णांचं अक्षर : ‘सावलीत चाळीस’, म्हणजे झापड उघडून चाळीसपर्यंत मोजायचं. नवा तिनंच गेल्या महिन्यात पाठवलेला. त्याच्या झाकणावर काहीच लिहिलेलं नव्हतं. अंधारात चाचपून मोजलं, तर तिनं पाठवलेल्यातली एकच फिल्म कमी होती.

*

शेजारच्या चंद्रभागाबाई आधी पदर सावरून बसल्या, मग बोलू लागल्या.

“साडेनऊची यष्टी गेली आन् मला वरडणं ऐकू आलं. पळत आले. परवीननं आन्नाला खाली निजवलंतं, छाती दाबायलता. त्याचा कोट आन्नाच्या डोक्याखाली.”

“आणखी कोण होतं?”

“कुनी न्हाई.”

“कॅमेरा?”

“हुबाच व्हता की. कपडा खाली पडलेला. जीप आली, समदे गेले, मी एकटी ऱ्हायले. कुत्र्यानं पाडू नये म्हनून कॅमेरा तसाच उचलून आत आनला. त्याचे पाय दुमडाय येत न्हाईत मला.”

“तुम्ही आल्यापासून कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावला?”

“कोन लावनार? मी म्होरंच हुबी व्हते.”

“मागं होल्डर होता का? लाकडी, चपटा?”

चंद्रभागाबाईंनी आठवून पाहिलं. “मागं तर नुसती काच व्हती. धुरकट.”

म्हणजे आरडाओरड होण्याआधीच होल्डर काढला गेला होता.

“मावशी, या खुर्चीवर जरा बसता?”

“आता माझा फोटू काढती व्हय? हाराचा?” त्या हसल्या आणि लगेच ओशाळल्या. “चुकलं बाई माझं.”

आम्रपाली काळ्या कपड्यात शिरली. कपड्याला अण्णांचा वास होता. पेच कसलेलेच होते. उंची, कल, सगळं त्या सकाळचं. खुर्ची मागेपुढे करून तिनं काचेवर चित्र स्पष्ट केलं. चंद्रभागाबाई काचेवर उलट्या लटकल्या होत्या.

“उलटी दिसते म्हनं मी त्यात?”

“हो.”

“नवऱ्याला जलमभर तशीच दिसले!”

पण त्यांचं डोकं काचेच्या मधोमध होतं. डोक्यापलीकडे हातभर मोकळी भिंत. अण्णा डोक्यावर दोन बोटांची जागा सोडत, तिसरं बोट नाही. हा फोटो खूप उंच माणसाचा होता.

*

एक नाव तिच्या डोक्यात आधीपासून होतं. बीडचा धर्मराज जुन्या वस्तूंचा धंदा करायचा. वर्षभर तो या कॅमेऱ्याच्या मागं लागला होता. तिनं फोन लावला.

“अण्णा गेले त्या दिवशी तुम्ही तलवाड्यात होतात?”

“मी कपिलधारला गेलतो ताई, सासूला घेऊन. कावून? काय झालं?”

“कॅमेऱ्याचा एक होल्डर गेलाय.”

“भिंग हाय का जागेवर?”

“आहे.”

“मग मी कसा असंन? पितळी भिंग सोडून लाकडाचा तुकडा चोरला तर बाजारात तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का मला?” मग त्याचा आवाज उतरला. “माणूस लई मोठा होता, ताई. मला हाकलायचा, पण चहा पाजून.”

तिला पटलं. ज्याला वस्तू हवी होती, त्यानं भिंग नेलं असतं. इथं फिल्म हवी होती. आणि ज्यानं ती नेली, त्याला ठाऊक होतं की पट्टीविना होल्डर उजेडात काढला तर फिल्म जळते. चौथी पट्टी अण्णांच्या खिशात अडकली होती, म्हणून त्यानं सहाव्याची काढून लावली.

बराच वेळ ती अंगणातल्या निंबाखाली उभी राहिली. मग तिनं भावाला फोन केला. “ये,” एवढंच म्हणाली.

*

प्रवीण दुपारी तेलगावहून आला. तिथल्या जिनिंगवर तो काट्यावर बसायचा. दारातून आत येताना त्याला नेहमीप्रमाणे वाकावं लागलं.

“काय गं आक्का, एवढं अर्जंट?”

“बस. त्या दिवशी तू किती वाजता आलास?”

“सांगितलंय की. साडेनऊला. कामावरून सरळ.”

“सकाळी कामावर गेला होतास?”

“गेलतो.”

“कोट घालून? कापसाच्या धुळीत?”

प्रवीणनं खिशातला रुमाल काढून मान पुसली.

“लग्नातला कोट, प्रवीण. लग्नानंतर एकदाही घातला नाहीस तू तो.”

“थंडी होती.”

“ऑक्टोबरमध्ये?”

तिनं पट्टी दोघांच्या मध्ये ठेवली. प्रवीणनं आकडा वाचला आणि नजर वळवली.

“ही अण्णांच्या बंडीत निघाली. म्हणजे फोटो चालू होता. कॅमेरा अजून तुझ्या उंचीवर उभा आहे. चंद्रभागामावशी आल्यापासून कॅमेऱ्याला कुणी शिवलं नाही, आणि त्या आल्या तेव्हा होल्डर नव्हता. म्हणजे तू ओरडण्याआधीच तो काढला होतास. सहाव्याची पट्टी लावून, नीट. हे काम या घरात तिघांनाच येत होतं. एक मी, बीडमध्ये होते. एक अण्णा.”

प्रवीण जमिनीकडे बघत होता. दीड वर्षापूर्वी फोटोचा धंदा सोडून तो जिनिंगवर गेला, तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. आम्रपालीच दोघांना फोनवर सांगून थकली होती. ‘त्यांच्यासमोर एकदा जाऊन बस,’ असं तिनंच त्याला म्हटलं होतं.

“तू म्हणलीस म्हणून गेलतो,” तो शेवटी म्हणाला. “जुनं काही बोलले न्हाईत. खुर्ची मांडली. मला बघितलं, कोट बघितला, आन् म्हणले, साहेब झाला बे तू. बस.”

“मग?”

“मग कपड्यात शिरले. झापड उघडली. मी बसलो. मनात मोजत होतो, लहानपणी मोजायचो तसं. चाळीस झाले. शंभर झाले. दोनशे. मला वाटलं, राग काढायलेत. दीड वर्षाचा. म्हणलं, काढू द्या. हलायचं न्हाई आज. त्यांच्या मनासारखं बसून दाखवायचं. चारशे मोजले, आक्का. मग त्यांचा हात कपड्याखालून सुटलेला दिसला.”

निंबावर कुठंतरी पाखरू ओरडलं. दोघांनाही ते ऐकू आलं नसावं.

“उठलो. आन् आधी दोरी ओढली.”

“काय?”

“झापडीची. आधी झापड मिटली मी. हातच गेला. आभाळ कोसळलं तरी आधी झापड, असं म्हणायचे ना ते? पट्टी सापडंना, तर सहाव्याची काढली, कपड्यात हात घालून सरकवली, होल्डर काढून गाडीच्या पिशवीत ठेवला. मग कपडा उचलला.” त्याचा आवाज फाटला. “आधी फोटो वाचवला मी. मग बाप बघितला.”

“होल्डर कुठं आहे?”

“तेलगावला. ट्रंकेत. ना धुववतो, ना फेकवतो.” त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “तू दवाखान्यात असतीस. खरं सांग. मी लगेच उठलो असतो तर?”

खोटं बोलणं सोपं होतं. ती रोज पेशंटच्या नातेवाइकांशी तसं बोलायची.

“कदाचित,” ती म्हणाली. “माहीत नाही. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.”

त्यानं मान हलवली. त्याला हेच उत्तर अपेक्षित असावं.

“आता माझं सांग. नऊ दहाला त्यांनी मला फोन केला. दुखत होतं का त्यांना?”

“न्हाई. आजिबात न्हाई. हसत होते.”

एकवीस दिवस छातीवर असलेलं काहीतरी क्षणभर उचललं गेलं. पण प्रवीण उठला होता. चपला शोधत होता.

“मग कशासाठी केला?”

“सहज.”

“प्रवीण.”

“सोड ना आता. कावून खोदायलीस?”

“तू होल्डर लपवलास ते तुझ्यासाठी. पण एकटे होते असं सांगितलंस, ते कुणासाठी?”

तो दाराशी उभा राहिला. पाठमोराच बोलला.

“नवा डबा. तू म्हणलीवतीस ना, पहिली फिल्म लावायच्या आधी फोन करा, किती मोजायचं ते मी सांगते. म्हणून तुला फोन लावला. तू कट केलास. अण्णा म्हणले, पोरगी कामात हाय, तिला त्रास नको. ही फिल्म कशी हाय माहीत न्हाई, आपण लांब मोजू. लई वेळ लागला तरी मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलू नको.”

आम्रपालीला झाकणावरची कोरी जागा आठवली. तिथं लिहायचा आकडा तिच्याकडे होता. डबा पाठवण्याआधी कामाच्या ठिकाणीच तिनं एक तुकडा सावलीत उघडून, धुऊन पाहिला होता.

“किती मोजायचं होतं गं?” प्रवीणनं विचारलं.



“सहा.”